काचेला चुना

कोपऱ्यावरच्या घराचे पडदे बारा महिने ओढलेले का असतात, यावर आमच्या गल्लीत पुष्कळ तर्क लढवून झाले होते. कोणी म्हणालं, नवरा रात्रपाळीला असतो, दिवसा झोपतो. कोणी म्हणालं, बाई जरा शिष्टच आहे. खरं कारण परवा कामवाल्या अक्कांकडून कळलं. काचा इतक्या पांढऱ्याफटक पडल्यात की पडदा सारायची त्या बाईंना लाज वाटते.

"मग मी कुठे तोंड लपवू?" भिंतीपलीकडून तळेगावकरीण म्हणाली. "माझे पडदे तर अजून शिंप्याकडेच आहेत."

तळेगावकरीण म्हणजे आमची नवी शेजारीण. नवऱ्याची बदली झाली म्हणून आली. इथल्या ह्युंदाईनं तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेतल्यापासून तळेगाव-श्रीपेरुंबुदूर हा रस्ता दुहेरी झालाय. इकडचे काही तिकडे, तिकडचे काही इकडे. येणारी प्रत्येक मराठी बाई मला पहिल्यांदा विचारते, इथे ज्वारीचं पीठ मिळतं का. खिडक्यांचं कोणी विचारत नाही. ते वर्षभरानं आपोआप कळतं.

"कशानं घासल्यास काचा?" मी विचारलं.

"राखेनं."

"श्रीपेरुंबुदूरमध्ये राख कुठून पैदा केलीस?"

"ऑनलाइन मागवली, काकू. गोवऱ्यांची. छान पुडीत बांधून आली. आजी म्हणायची, काचेला राखेसारखं औषध नाही. कंदिलाची काच ती रोज राखेनंच पुसायची."

"आजीचं खरंच होतं गं. माझं माहेर कराडचं, ओगलेवाडी तिथून जवळच. १९१६ साली ओगले बंधूंनी तिथे काच कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. आमच्याकडेही होता. दिवेलागणीच्या आधी काच उतरवायची, चिमूटभर राख फडक्यावर घ्यायची आणि हात आत घालून अलगद फिरवायचा. लहान मुलींचं काम ते, कारण मोठ्यांचा हात आत जायचा नाही. काच फुटली तर बोलणी, काजळी राहिली तरी बोलणी. पण ती काजळी होती. तेलकट. राखेतला क्षार तेलाला धरतो, म्हणून निघायची. तुझ्या खिडकीवर काजळी कुठे आहे? तुझ्या खिडकीवर चुना आहे. त्याला राख काय करणार? उलट राखेत एखादा खडा असला तर चरे पडतील ते वेगळंच."

"चुना? अहो, आम्ही घराला साधा रंगसुद्धा दिला नाही अजून."

"तू नाही लावलास. पाण्यानं लावलाय."

एवढ्यात पलीकडच्या घरातल्या मामी कढीपत्ता तोडायला बाहेर आल्या. झाड आमचं, फांद्या त्यांच्याकडे, त्यामुळे त्यांना विचारावं लागत नाही. आमच्या बोलण्यातलं त्यांना अर्धं कळतं, पण खिडकीकडे बोट दिसल्यावर भाषा कशाला लागते? "उप्पु तण्णी," त्यांनी निकाल दिला आणि कढीपत्ता घेऊन आत गेल्या.

इथे बोअरच्या पाण्याला सगळे असंच म्हणतात, उप्पु तण्णी, खारं पाणी. पिण्याचं ते नल्ल तण्णी. ते वीस लिटरच्या कॅनमधून विकत येतं. आता बोअरच्या पाण्यात मीठ असतंच, पण काचेचं जे वाटोळं होतं ते मिठानं नाही. मीठ ओल्या फडक्यानं निघून जातं. बसतो तो चुना. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि वाटेतल्या खडकातला चुना, मॅग्नेशियम विरघळवून बरोबर घेऊन येतं. बोअरमधून वर येतं तेव्हा नितळ दिसतं. काचेवर पडलं, उन्हानं आटलं, वायू उडून गेला की बरोबर आणलेला दगड तिथेच राहतो. चहाच्या भांड्याच्या बुडाशी, गिझरच्या कॉइलवर, नळाच्या जाळीवर तोच. काचेवर तो उठून दिसतो इतकंच.

"किती असावा चुना पाण्यात?" तिनं विचारलं. इंजिनिअरची बायको आहे, आकडा लागतोच.

"भारतीय मानकात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चालतो म्हटलंय, आणि दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत. ते पिण्यासाठी. खिडकीला त्यातला पहिला आकडासुद्धा जडच जातो. आमच्या ह्यांनी टीडीएसचं मीटर घेतलंय. पेनासारखं असतं, खिशातच ठेवतात. मागे एका लग्नात पंगतीतल्या पाण्याच्या ग्लासात बुडवलं. मी उठून दुसऱ्या पंगतीला जाऊन बसले. बरं, ते मीटर सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतं, त्यात चुना किती हे सांगतच नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, त्यांचा उत्साह मावळेल."

पाण्याला नावं तरी किती ठेवायची? मिळतंय हेच पुष्कळ. २०१९ च्या उन्हाळ्यात इथून जवळचा चेंबरंबाक्कम तलाव आटून भेगा पडल्या होत्या आणि जुलैमध्ये जोलारपेटहून चेन्नईला रेल्वेनं पाणी आलं. एका गाडीत २५ लाख लिटर. आपल्याकडे २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला गेलं होतं तसंच. आणि त्याच चेंबरंबाक्कमचं पाणी २०१५ च्या डिसेंबरात सोडलं तेव्हा शहरात घरंच्या घरं पाण्यात गेली होती. असल्या गावात खिडकीच्या डागांचं रडगाणं मोठ्यानं गाऊ नये. भिंतीपाशी गावं.

"आता एक काम कर," मी म्हटलं. "ते सरकतं तावदान वर उचल, खालून तिरकं कर, रुळातून सुटेल. घेऊन ये इकडे."

तिनं आणलं, भिंतीला टेकवून उभं केलं. उन्हात नको म्हणून आंब्याच्या सावलीत घेतलं. काचेवर ठिपके नव्हते नुसते, ओघळ होते. प्रत्येक ओघळाच्या खालच्या टोकाशी जाड कड, कारण थेंब तिथे येऊन थांबतो आणि शेवटी तिथेच आटतो. नखानं खरवडलं तर खरखर लागली, निघालं काहीच नाही.

लिंबं लागतच नाहीत याला. लिंबूसत्त्व पुरतं, ढोकळ्यात घालतो ते. पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर. नाहीतर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं. लोक चुकतात ते पुढे. फवारा मारतात आणि लगेच घासायला घेतात. उभ्या काचेवर आंबट पाणी टिकतच नाही, ओघळून खाली जातं. म्हणून जुन्या सुती धोतराचा तुकडा, नाहीतर स्वयंपाकघरातला टिश्यू पेपर, त्या पाण्यात भिजवून काचेला चिकटवून द्यायचा आणि पाव तास त्याला हात लावायचा नाही. वाळायला लागला तर वरून पुन्हा शिंपडायचं.

आम्ही कागद चिकटवला आणि मध्येच मी तिला त्याची एक कड वर करून दाखवली. "डोळे जवळ आण. दिसतंय?"

ओघळाच्या जाड कडेवर मोहरीहून बारीक बुडबुडे उठत होते, एकामागून एक, अगदी सावकाश.

"सोड्यासारखं फसफसतंय, काकू!"

"जमिनीत असताना घेतलेला वायू तो. आंबटानं चुना सुटतो आणि वायू मोकळा होतो. हे बुडबुडे दिसले की समजायचं, डाग चुन्याचा आहे आणि जाणार आहे. बुडबुडे नाहीत तर डाग दुसऱ्या कशाचा तरी. तिथे आंबट वाया घालवायचं नाही."

कागद काढला, मऊ स्पंजनं गोल गोल घासलं. निम्मं गेलं. जाड कडा राहिल्या, त्यांना पुन्हा कागद. जुना डाग एका बैठकीत जात नाही, तो थरांनी बसलेला असतो, थरांनीच उतरतो. तारेची घासणी आणि भांड्यांची पावडर जवळपाससुद्धा आणायची नाही. चुना निघेल, चरे राहतील, आणि चऱ्यांमध्ये पुढचा चुना आणखी घट्ट बसेल.

"आणि खिडकीचा कट्टा कसला आहे तुझा?"

"कडप्पा."

"मग आधी खाली जुनं प्लॅस्टिक पसर. कडप्पा म्हणजे चुनखडीचाच दगड. काचेवरचा चुना काढताना कट्ट्याचं पॉलिश जाईल आणि तिथे पांढरा नकाशा उमटेल. संगमरवराचंही तेच. ग्रॅनाइटला तितकी भीती नाही."

मामी पुन्हा आल्या. या वेळी हातात वाटी, वाटीत चिंचेचा कोळ. त्या पितळेचे दिवे चिंचेनं घासतात, तर काच का नाही, असा त्यांचा सरळ हिशेब. हिशेब बरोबर आहे. चिंचेतलंही आम्लच, चुना सुटतो. पण त्यानंतर चिंच काढायला वेगळी मेहनत, आणि मुंग्या आल्या तर त्या आम्ही दोघींनी वाटून घ्यायच्या. मामींना तसं सांगायची हिंमत कोणात नाही, म्हणून आम्ही एका कोपऱ्यात चिंच लावली. मामी समाधानानं गेल्या.

"कोपऱ्यावरच्या त्या बाईंनी माणसं बोलावली होती म्हणे?" तळेगावकरणीनं हळूच विचारलं. मला वाटलंच होतं, ही तिथे येणार.

आली होती दोन माणसं, डीप क्लीनिंगवाली. बाटलीवर नाव नाही, गाव नाही. खिडकीवर ओतलं तर धूरच निघाला. काचा तेवढ्यापुरत्या चकचकीत झाल्या खऱ्या, पण अॅल्युमिनियमच्या चौकटी डागाळल्या त्या कायमच्या, आणि टाइलांच्या फटी खाल्ल्या गेल्या. संडास साफ करायचं अॅसिड असणार. ते ब्लीचिंग पावडरशी चुकून मिसळलं तर क्लोरीन वायू होतो, बंद बाथरूममध्ये जीव घाबरा करणारा. आणि काही उद्योगी लोक हायड्रोफ्लोरिक असलेलं मिश्रण वापरतात. ते काचच खातं, कातडीतून आत हाडापर्यंत जातं. निनावी बाटली घरात घ्यायचीच नाही. पैसे वाचतात हा वरचा फायदा.

सगळेच डाग चुन्याचे नसतात, हेही तिला सांगावं लागलं. तिच्या हॉलच्या खिडकीवर बिल्डरच्या रंगाऱ्यांनी रंग उडवून ठेवलाय आणि एकीवर स्टिकर होता, त्याचा डिंक. डिंकाला खोबरेल तेल, थोडा वेळ, झालं. रंगाला दाढीचं पातं, पण काच साबणाच्या पाण्यानं चिंब ओली हवी, पातं नवं हवं, जवळजवळ आडवं धरायचं आणि एकाच दिशेनं पुढे न्यायचं. मागे ओढताना उचलायचं. कोरड्या काचेवर पातं फिरवणाऱ्याला मी घरात घेत नाही. आणि काचेला ऊन अडवणारी फिल्म लावलेली असेल किंवा काच आरशासारखी चमकणारी असेल तर पात्याचं नावच काढायचं नाही, लेप सोलून निघेल. स्वयंपाकघरातल्या खिडकीला फोडणीची वाफ, तिथे आंबट नको, भांड्यांचा साबण आणि गरम पाणी. ग्रीलचा गंज उतरला असेल तर लिंबूसत्त्व चालतं. कबुतरांचं आधी भिजवायचं, कोरडं खरवडून नाकात घ्यायचं नाही.

"गंमत बघा," ती म्हणाली, "हे म्हणतात इथे काचेचा एवढा मोठा कारखाना आहे आणि आपल्या खिडक्यांतून समोरचं झाड दिसत नाही."

खरं आहे. रामानुजाचार्यांचं जन्मगाव म्हणून यात्रेकरू येतात, १९९१ नंतर राजीव गांधींचं स्मारक बघायला माणसं येतात, पण देशभरच्या खिडक्यांत इथली काच बसलीय हे कोणाच्या ध्यानात नसतं. सेंट-गोबेनची फ्लोट काचेची पहिली भट्टी इथे २००० च्या सुमारास पेटली. मूळ फ्रेंच कंपनी, १६६५ सालची, व्हर्सायच्या महालातले आरसे तिच्याच घराण्यातले. अशी भट्टी पेटली की वर्षानुवर्षं विझवत नाहीत. आत वाळू, सोडा, चुनखडी, डोलोमाइट असं सगळं दीड हजार अंशांच्या वर वितळतं आणि मग वितळलेल्या कथलाच्या तळ्यावर ओततात. काच कथलावर तरंगते, सायीसारखी पसरते, म्हणून दोन्ही बाजूंनी सपाट निघते, घासावी लागत नाही. पिल्किंग्टन या इंग्रज कंपनीनं ही रीत १९५९ मध्ये जगासमोर आणली.

"म्हणजे काचेतही चुना आणि काचेवरही चुना?"

"आतला चुना काचेला टिकाऊ करतो. तो नसता तर सोडा आणि वाळूची काच पाण्यात विरघळली असती. आणि तू कुठली? तळेगावची. तुला तर काच कारखाना सांगायला नको."

तिला माहीत होतं, पण पुसटसं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत गावोगाव फिरून पैसा फंड उभा केला. लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काच कारखाना निघाला. परदेशात शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काच शिकवायला होते. तिथे तयार झालेले कारागीर पुढे इतर कारखान्यांत पसरले. आपल्या आज्या ज्या काचा राखेनं पुसत होत्या, त्यांच्यामागे हे सगळं होतं. वार्ष्णेयांचं नाव तळेगावात किती जणांना सांगता येईल, देव जाणे.

आमच्या वरच्या मजल्यावर राहतात ते गृहस्थ काचधंद्यातलेच. त्यांच्याकडून मला एक गोष्ट कळली. काच पाण्याला भीत नाही, अडकलेल्या पाण्याला भिते. काचेच्या दोन पाट्यांमध्ये ओल अडकून राहिली की काचेतला सोडा त्या ओलीत उतरतो, ती ओल अल्कली होत जाते आणि तीच मग काच कुरतडते. म्हणून गोदामात पाट्यांच्या मध्ये कागद किंवा बारीक पावडर घालतात. घरातही तसंच. रोज ओली राहणारी, कधी न पुसलेली काच आधी इंद्रधनुष्यी झाक दाखवते, मग धुरकट होते, आणि त्यानंतर तो डाग राहतच नाही. काचच तशी झालेली असते.

म्हणून निम्मं काम पाणी अडवण्याचं आहे. बागेचा फवारा खिडकीवर पडतो का बघायचा. अक्कांना पाइपनं खिडक्या धुवायची फार हौस, त्यांना सांगायचं, काचेवर पाइप नको. धुवायचंच तर सकाळी लवकर, ऊन यायच्या आत, आणि रबरी वायपरनं लगेच पाणी ओढून घ्यायचं. शेवटचा हात गोड्या पाण्याचा. आरओच्या नळाचं चालेल, पण आरओमधून जे बाहेर फेकलं जातं ते नाही. ते बोअरपेक्षाही जड असतं. माझी एक जाऊ ते बादलीत साठवून खिडक्या पुसायची, पाणी वाचवल्याचं पुण्य आणि वर डाग. त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकतं ते घे. हवेतली वाफ थंड होऊन झालेलं पाणी, त्यात चुना नावाला नाही. चेन्नईच्या दमटपणात रात्रीत बादली भरते. पावसाचंही तसंच, आणि इथे २००३ पासून प्रत्येक घराला छपराचं पाणी धरणं सक्तीचं आहे, म्हणजे सोय आहेच.

"मग दिवाळीला सगळ्या काचा काढते," ती म्हणाली.

"दिवाळीला नको. तिकडे दिवाळीपर्यंत पाऊस गेलेला असतो, इथे तेव्हा भरात असतो. ऑक्टोबर ते डिसेंबर इथला खरा पावसाळा. तू काचा पुसशील आणि संध्याकाळी वाऱ्याबरोबर चिखल येईल. इथे भोगीला साफसफाई करतात. आपली तीच भोगी, संक्रांतीच्या आदल्या दिवसाची. आपण तिळाची भाकरी आणि भोगीची भाजी करतो, हे लोक पहाटे जुनंपानं दारात जाळतात. चेन्नईत इतका धूर होतो की विमानं खोळंबल्याच्या बातम्या येतात. म्हणून मामी काचांना भोगी पेटवून झाल्यावरच हात लावतात, दुपारी. आधी पुसणाऱ्याला काजळी."

"तेव्हा माझी राख उपयोगी पडेल."

पोरगी हुशार आहे.

तावदान तोवर स्वच्छ झालं होतं, मामींचा चिंचेचा कोपरासुद्धा. ते रुळात बसवायला दोघी आत गेलो, तेव्हा तिनं बाथरूमची खिडकी दाखवली. गच्चीवरच्या टाकीच्या ओव्हरफ्लोचा पाइप बरोबर तिच्यावर सोडलेला. मी काच ओली केली, धुरकटपणा नाहीसा झाला. वाळल्यावर पुन्हा आला. लिंबूसत्त्व लावून पाहिलं, एकही बुडबुडा नाही. ती काच गेली. घासून, कोणाला बोलावून, काही ओतून ती परत येणार नाही. प्लंबरला सांगून आधी पाइप दुसरीकडे वळव, आणि मग नवी काच बसवून घे. बाथरूमची आहे, लहान आहे, फार खर्च येणार नाही.